मामा म्हणतोय, रात्री गाडी बोलावू

तालुक्याच्या गावातून एका आईचं पत्र आलं आहे. चार पानी आहे, म्हणून इथे थोडक्यात देते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

"मुलगा सोळा वर्षांचा, अकरावी सायन्सला. दिवाळीच्या साफसफाईत त्याच्या क्रिकेटच्या किटमध्ये, पॅडच्या आत खोचलेले पातळ कागद आणि एक प्लॅस्टिकची पुडी सापडली. मला वाटलं, ओवाबिवा असेल. भाच्याने बघितल्याबरोबर सांगितलं, मावशी, हा गांजा आहे. मुलाला विचारलं तर आधी उडवाउडवी केली, मग म्हणाला, वर्ष झालं. कधी मित्रांत बिअर, कधी क्वार्टर वाटून. क्लासची दोन महिन्यांची फी त्याने भरलेलीच नाही. मी पैशांवरून बोलले तर मला ढकललं. हे रोज रात्री जेवणाआधी दोन पेग घेतात, पण शांत असतात, घरात कधी तमाशा नाही. माझा भाऊ पुण्याला असतो. तो म्हणतो, एक केंद्र आहे, तीन महिन्यांचे नव्वद हजार, रात्री गाडी येते, चार माणसं येतात, पोराला कळायच्या आत घेऊन जातात. जाऊबाईंनी एक पावडर आणून दिली आहे, वरणात मिसळायची, त्याला न सांगता. मोठ्या मुलीचं लग्न ठरतंय. पोलिसांपर्यंत गेलं तर काय? काय करू?"

ताई,

गाडी बोलावू नका. बाकीचं सावकाश वाचा, पण हे आधी.

आणि ती पावडर केराच्या डब्यात टाका. डब्यावर आत काय आहे ते लिहिलेलं नसतं किंवा 'आयुर्वेदिक' एवढंच असतं. अशा पावडरीत डायसल्फिरम असेल तर ते दारूशी भांडणारं औषध आहे. ते पोटात असताना माणूस प्यायला, तर चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. जीवही जाऊ शकतो. डॉक्टर ते देतात तेव्हा रुग्णाला समोर बसवून, समजावून, त्याच्या संमतीने देतात. वाढत्या वयाच्या पोराला तर सहसा देतच नाहीत. तुमचा मुलगा मित्राकडे जाऊन क्वार्टर वाटून पिणार आणि पोटात काय गेलंय हे त्याला ठाऊकच नसणार! जाऊबाईंचा हेतू चांगला असेल, पण पावडर चांगली नाही. शिवाय गांजावर अशी कुठलीही पावडर किंवा गोळी नाही. गांजा सोडवणारं मान्यताप्राप्त औषध आजच्या घडीला वैद्यकशास्त्राकडेही नाही. तिथे बोलणं, सवयी बदलणं आणि मागे लपलेलं दुखणं शोधून त्यावर उपचार करणं, हाच रस्ता आहे.

आता गाडीविषयी. मी सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक होते, मानसोपचार विभागाच्या दाराशी माझं टेबल असायचं. एकदा एक सतरा वर्षांचा पोरगा आई-वडिलांबरोबर आला. असाच रात्री उचलून नेलेला, तीन महिने एका केंद्रात काढून आलेला. कुठलं केंद्र ते सांगत नाही. समोर बसला तो हात टेबलाखाली घेऊन. वडील सांगत होते, "मॅडम, आता पूर्ण बंद आहे." मी त्यांना चहा प्यायला पाठवलं. पोरगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "जाताना मला गांजाच माहीत होता. तिथे चाळीस-पन्नास वर्षांची माणसं होती. एमडी कुठे मिळतं, ते मला तिथे कळलं." एमडी म्हणजे मेफेड्रोन, नशेची रासायनिक पावडर. हात वर घेतले तेव्हा मनगटांवर दोरीचे वळ दिसले, जुने, काळे पडलेले.

तुमच्या भावाने सुचवलेलं केंद्र असंच असेल असं मी म्हणत नाही. पण जे ठिकाण सोळा वर्षांच्या मुलाला डॉक्टरने तपासायच्या आधी गाडीत घालतं, त्याची एवढी एक गोष्ट पुरेशी आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ सालचा. दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनातून उद्भवणारा मनोविकारही त्यात येतो. त्याचं ८७ वं कलम खास अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी आहे, ते भावाला वाचून दाखवा. मुलाला दाखल करायचं ते या कलमातली पद्धत पाळूनच. अर्ज पालकाचा लागतो. दोन मानसोपचारतज्ज्ञांनी, किंवा एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसऱ्या एका डॉक्टरने किंवा मानसिक आरोग्य व्यावसायिकाने, मुलाला वेगवेगळं तपासून दाखल करण्याची गरज आहे असं ठरवायला हवं, तेही दाखल करण्याच्या दिवशी किंवा त्याआधीच्या सात दिवसांत. घरी राहून होणारे उपाय करून पाहिले आणि फसले, किंवा ते या मुलाला लागूच पडणार नाहीत, हेही दिसायला हवं. दाखल केलंच, तर त्याला मोठ्या माणसांपासून वेगळं ठेवायचं आणि आई-वडिलांपैकी कुणीतरी, किंवा त्यांनी नेमलेलं माणूस, पूर्ण मुक्काम त्याच्याजवळ राहायचं. मानसिक आरोग्य मंडळाला बहात्तर तासांत कळवायचं. दोरी, साखळी कुणालाच लावायची नाही, लहान असो की मोठा.

म्हणजे भावाला केंद्राच्या फोनवर तीनच प्रश्न विचारायला सांगा. तुमची नोंदणी राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे आहे का? याला तपासणारे मानसोपचारतज्ज्ञ कोण? आणि मुलाची आई तिथे त्याच्याजवळ राहू शकेल ना? तिसऱ्या प्रश्नाला "पहिले पंधरा दिवस भेटताच येत नाही" असं उत्तर आलं, तर फोन ठेवून द्यायचा.

चांगली केंद्रं आपल्याकडे आहेत, हेही सांगायला हवं, नाहीतर तुम्ही सगळ्यांनाच घाबराल. येरवड्याचं मुक्तांगण डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली उभं केलं, पु. ल. आणि सुनीताबाईंच्या देणगीच्या आधाराने. व्यसनी माणसाला गुन्हेगार न समजता रुग्ण समजायचं, हे महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांनी तिथून उचललं. अशा ठिकाणी जाण्याआधीही फोन करून विचारा: सोळा वर्षांच्या मुलासाठी तुमच्याकडे काय सोय आहे? कारण मुख्य अडचण तिथेच आहे. आपली बहुतेक व्यसनमुक्तीची व्यवस्था पन्नाशीला आलेल्या दारुड्या बापासाठी बांधलेली आहे. पोराला त्याच खोलीत, त्याच गटात, त्याच भाषणांना बसवलं की त्याला वाटतं, "मी काही यांच्यासारखा नाही." आणि ते खरंही असतं. तो अजून त्यांच्यासारखा झालेला नाही. त्याला वेगळा उपचार हवा तो याचसाठी.

तुमच्या मुलाची गोष्ट, तुम्ही लिहिली तेवढ्यावरून, दाखल करण्याची वाटत नाही. वर्षभर अधूनमधून गांजा, मित्रांत दारू, फीचे पैसे उडवणं, एकदा ढकलणं. गंभीर आहे, पण ओपीडीत सुरुवात करण्यासारखं आहे. मी डॉक्टर नाही आणि मुलाला पाहिलेलं नाही, त्यामुळे शेवटचा शब्द तपासणाऱ्याचा. मात्र काही गोष्टी दिसल्या तर ओपीडीच्या दिवसाची वाट बघायची नाही, त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं: रात्र-रात्र न झोपणं, "सगळे माझ्यावर पाळत ठेवतात" असलं बोलणं, एकट्याशीच बडबड (गांजाने काही पोरांचं डोकं असं फिरतं, विशेषतः घरात कुणाला मनोविकार असेल तर), जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा. आणि सकाळी उठल्यावर दारूवाचून हात थरथरत असतील तर ती दारू घरच्या घरी एकदम तोडू नका, फिट येऊ शकते. किटमध्ये व्हाइटनर, थिनर, पंक्चरचं सोल्युशन किंवा त्याचा वास असलेला बोळा सापडला, तरीही थांबू नका. हुंगण्याने एखाद्याचं हृदय पहिल्याच खेपेला बंद पडू शकतं. केंद्र सरकारसाठी एम्सने देशभर केलेली पाहणी २०१९ मध्ये आली, तिच्यात मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त आढळलेलं व्यसन हे एकच होतं, हुंगण्याचं. स्वस्त, कायदेशीर आणि वहीच्या दुकानात मिळणारं.

त्याच पाहणीतला आणखी एक आकडा माझ्या डोक्यातून जात नाही. दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकाला काही ना काही उपचार मिळतो. अमली पदार्थांचं म्हणाल तर २० पैकी एकाला. बाकीच्यांना काय मिळत असेल? पावडर, अंगारा, मार आणि रात्रीची गाडी.

तर कुठे जायचं? आधी फोन, मुलगा घरात नसताना. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. व्यसनासाठी केंद्राच्या सामाजिक न्याय खात्याची वेगळी हेल्पलाइन आहे, १४४४६. तुमच्या जवळ मानसोपचाराची ओपीडी कुठे आणि कुठल्या वारी असते, ते तिथे विचारा. जिल्ह्याच्या सिव्हिलला मानसोपचार विभाग असतो आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची माणसं ठरलेल्या दिवशी तालुक्यालाही येतात. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे तुमच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात, १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. नव्वद हजारांचा विचार करण्याआधी या खिडकीपाशी एकदा उभ्या राहा.

तिथे काय होतं ते सांगते, म्हणजे धसका बसणार नाही. केस पेपर काढायचा. बाकावर बसायचं, खूप वेळ. शेजारी कुणीतरी ओळखीचं निघेल अशी भीती वाटेल. निघालं तर निघालं, तेही काहीतरी दुखणं घेऊनच आलेले असतात. नंबर आला की डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ आधी दोघांना आत घेतील, मग तुम्हाला बाहेर बसायला सांगतील. इथे बऱ्याच आया अडतात. "माझ्यासमोर विचारा, तो खोटं बोलेल." ताई, तुमच्यासमोरच तो खोटं बोलेल. दार लोटून बाहेर बसा. आत त्याला विचारतील: कधीपासून, कुणाबरोबर, एकटा असतानाही ओढतोस का, झोप, अभ्यास, प्रेमप्रकरण, घरी काय चाललंय. लघवीची तपासणी कदाचित सांगतील. पोरांच्या गांजामागे पुष्कळदा नैराश्य असतं, लहानपणापासूनचा अस्थिरपणा असतो, सायन्स झेपत नसल्याची लाज असते. ते सापडलं तर त्याला औषध आहे. मग पुढच्या आठवड्याची तारीख. उपचार म्हणजे या तारखा. पहिल्या तारखेला पोरं येतात, तिसरीला कंटाळतात, पाचवीला आईच म्हणते, "आता बराय की." तिथे सोडू नका.

बंद केल्यावर पहिला आठवडा वाईट जातो. चिडचिड, झोप नाही, जेवणावर वासना नाही, घामाने भिजून उठणं. दोनेक आठवड्यांत बहुतेक उतरतं. त्या दिवसांत तो जे बोलेल त्यातलं निम्मं ऐकलं न ऐकलं करा. ढकलणं मात्र नाही. ते खपवून घ्यायचं नाही. "अंगावर हात आला तर मी मामाला फोन करणार आणि शेजारच्या काकांना हाक मारणार," हे शांत असताना आधीच सांगून ठेवा आणि वेळ आली तर खरंच तसं करा.

त्याला ओपीडीला न्यायचं कसं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण खरी गाठ तीच आहे. तो तारेत असताना बोलू नका. जेवणाच्या ताटावर नको, पाहुण्यांदेखत तर नकोच. समोरासमोर बसवून घेतलेल्या उलटतपासणीपेक्षा गाडीवर मागे बसून किंवा शेंगा सोलताना पोरं जास्त बोलतात. "कुठून आणलास, कोणी दिला" हे पहिलं वाक्य नको, त्यावर तो दार लावून घेईल. असं काहीतरी म्हणा: "मला भीती वाटते. तुझी नाही, तुझ्यासाठी. एकदा डॉक्टरांना भेटू. ते मला बाहेर बसवणार आहेत, तू त्यांना काय सांगतोस ते मी विचारणार नाही." आणि खरंच विचारू नका. तो म्हणेल, झाडपाला आहे, नैसर्गिक आहे, सगळेच करतात. वाद घालू नका. धोत्राही झाडच आहे, एवढं म्हणून विषय सोडा. नाहीच आला, तर पहिल्या वेळी तुम्ही एकट्या जा. पालकाने एकटं येऊन सल्ला घेणं हीसुद्धा सुरुवात धरतात. माझ्या टेबलाशी निम्म्या केसेस आईपासूनच सुरू व्हायच्या.

पोलिसांची भीती. पोरगा गांजा ओढतो म्हणून डॉक्टर पोलिसांना कळवत नाहीत, उपचाराची माहिती गुप्त ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात ६४-अ कलम आहे: सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी माणूस मान्यताप्राप्त ठिकाणी स्वतःहून उपचाराला गेला आणि त्याने तो पूर्ण केला, तर खटल्यापासून त्याला संरक्षण मिळू शकतं. अठराच्या आतल्या मुलाला लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात टाकता येत नाही, त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. उलट मुलाला नशेची वस्तू देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या ७७ व्या कलमाने सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. तेव्हा घाबरायचं कुणी? तरीही पुडी देणाऱ्याकडे जाऊन भांडू नका. कळवायचं असेल तर १९३३ या अमली पदार्थविरोधी हेल्पलाइनवर कळवा. मुलाला कुणी नशेची वस्तू विकायला लावतंय अशी शंका आली, तर १०९८, ही मुलांसाठीची हेल्पलाइन. पुडी पुरावा म्हणून कपाटात जपून ठेवली असेल, तर तीही घरात ठेवू नका.

लग्नाचं म्हणाल, तर मुलीला सगळं सांगा. तिला बहुधा तुमच्या आधी माहीत असेल.

आणि आता तुम्ही एका ओळीत उरकलेली गोष्ट. "हे रोज रात्री दोन पेग घेतात, पण शांत असतात." पत्राच्या तिसऱ्या पानावर, अगदी दुसऱ्याच संदर्भात, तुम्ही लिहिलंय की मुलगा संध्याकाळी वडिलांचा सोडा आणि चकली आणायला गेला होता, तेव्हा तुम्ही त्याची बॅग उघडलीत. ते वाक्य मी दोनदा वाचलं. आपल्या राज्यात बिअरला एकवीस आणि कडक दारूला पंचवीस वर्षं पुरी लागतात, आणि तुमच्या घरात सोळा वर्षांच्या पोराकडे सोडा आणायचं काम आहे. त्याने तुमच्या यजमानांना कधी शिवीगाळ करताना पाहिलं नाही, हे चांगलंच. पण दिवसभराचा शीण उतरवायला बाटली लागते, हे तो रोज जेवणाआधी बघतोय. उद्या ओपीडीत डॉक्टर विचारतील, घरात कुणी घेतं का? तेव्हा यजमान शेजारी बसलेले असावेत. मुलाच्या उपचाराचे पहिले तीन महिने घरात बाटली नको. झेपलं नाही तर तो प्रश्न त्यांचा आहे, आणि त्यांच्यासाठीही त्याच इमारतीत ओपीडी आहे. हे त्यांना तुम्ही सांगू शकत नसाल तर भावाला सांगू द्या. गाडी ठरवण्याइतका उत्साह त्याच्यात आहे, तो इथे उपयोगी पडेल.

अकरावीचं एक वर्ष गेलं तर जाऊ द्या. बारावीनंतर कुणी विचारत नाही.

ओपीडीला जाताना दोघांची आधार कार्डं, त्याची शाळेपासूनची काही औषधपाण्याची कागदं असतील तर ती, आणि पाण्याची बाटली घ्या. डबाही घ्या, दुपार होते. आज संध्याकाळी सोडा संपला असेल, तर यजमानांना स्वतः जाऊ द्या.